आधी नंबर सांगा

सकाळी मी ऑफिसच्या बसची वाट पाहत उभी होते, तेव्हा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. असे फोन मी उचलत नाही, त्या दिवशी का उचलला ते सांगता येणार नाही. पलीकडून एक माणूस धापा टाकत म्हणाला, "शोभा दीदी? पहले नंबर सुन लीजिए. सैंतालीस."

त्याने पुढे काही सांगायच्या आतच मी बसायला बाक शोधू लागले. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी मला दंडाला धरून बाकावर बसवलं. तो माणूस बोलतच होता. मी साहू, कुंदाताईंच्या घराखालचा मेडिकलवाला, माझा फोन चार्जिंगला आहे, भावाच्या फोनवरून बोलतोय... सत्तेचाळीस हा आकडा ताईने माझ्यासाठी राखून ठेवलेला होता. तो एकदाच, वाईट बातमीसाठी वापरायचा होता, आणि ती बातमी मला कळून चुकली होती.

कुंदाताई माझी मावसबहीण. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आमची दोन्ही घरं वर्ध्याकडची, रेल्वेच्या नोकऱ्यांपायी रायपूरला आलेली आणि इथलीच झालेली. मावसा नोकरीत असतानाच गेले, त्यांच्या जागी ताईला घेतलं. आधी कारकून होती, मग खात्याच्या परीक्षा देत देत ती स्टेशन मास्तर झाली. त्या काळी बाई स्टेशन मास्तर म्हणजे नवल. ज्या लहान स्टेशनवर तिने बरीच वर्षं काढली तिथे आसपासच्या गावांतल्या बाया बाजाराला जाताना खिडकीतून डोकावून जायच्या. "बाई खरंच झेंडी दाखवते का" हे पाहायला. निवृत्त झाल्यावर ती रायपूरच्या जुन्या वस्तीत, बूढ़ापाऱ्यात, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. यजमान आधीच गेलेले. मुलगा अमोल पुण्याला.

तिची एक सवय सगळ्या नात्यात प्रसिद्ध होती. कोणीही काही सांगितलं की ती ते परत म्हणून दाखवायची. मी फोनवर म्हटलं, ताई, शनिवारी चारला येते, कढीपत्ता आणते, की तिकडून यायचं, "शनिवार, चार वाजता, कढीपत्ता. बरोबर?" आपण "बरोबर" म्हणेपर्यंत ती फोन ठेवायची नाही. नुसती थांबून राहायची. माझे यजमान तिला चिडवायचे, "ताई, लग्नात मंगलाष्टकं बी परत म्हणून दाखवली काय?" ती म्हणायची, "दाखवली असती तर भटजीच्या दोन चुका निघाल्या असत्या न." ही रेल्वेची सवय. ऐकलं म्हणजे समजलं असं तिथे धरत नाहीत.

दुसरी रेल्वेची गोष्ट म्हणजे प्रायव्हेट नंबर. याच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून सांगते. गाडी यायची असली की स्टेशन मास्तर फाटकवाल्याला फोन करतो. फाटकवाला फाटक लावतो आणि लावल्याचं कळवताना दोन आकडी एक नंबर सांगतो. तो नंबर त्याच्याजवळच्या छापील कागदावरचा पुढचा नंबर असतो. एकदा वापरला की त्याच्यावर काट. नंबर मिळाला म्हणजे निरोप खरा आणि माणूसही खरा. नंबर नाही तर निरोप नाही. ताई म्हणायची, "आवाजावर इश्वास ठेवला की गाडी गेलीच समज."

एकदा ऐन हिवाळ्यात, धुक्यात, तिच्या हद्दीतल्या एका फाटकावर गडबड झाली. फाटकवाल्याने नंबर दिला होता, पण फाटक अर्धवटच लागलं होतं. एक सायकलवाला आत शिरला, मालगाडी पाहून त्याने सायकल टाकून उडी मारली. माणूस वाचला, सायकलीचा पापड झाला. चौकशी झाली. ताईची चूक निघाली नाही. घरी ती ही गोष्ट फारशी सांगत नसे. अमोल लहान असताना त्याने मात्र ती "सायकलीचा पापड" म्हणून ऐकलेली, आणि तेवढंच त्याच्या लक्षात राहिलेलं. त्या सायकलवाल्याचा चेहरा आईच्या स्वप्नात येतो हे त्या पोराला कुठून कळणार?

आता मुद्द्याचं. दीडेक वर्षापूर्वीची गोष्ट. मी रोज बसने शहराबाहेर नवा रायपूरला, मंत्रालयात नोकरीला जाते. ड्रायव्हर सकाळी एफएम लावतो. त्यात एक कार्यक्रम असतो, रेडिओवाला कोणाला तरी फोन करतो, खोटं काहीतरी सांगून घाबरवतो, माणूस रडकुंडीला आला की झांज वाजते आणि कळतं की गंमत होती. बसमध्ये सगळे हसतात. मीही हसत आले होते, नाही असं नाही. त्या दिवशी खिडकीबाहेर पाहत होते आणि कानावर आवाज आला, "हाँ जी, मैं ही बोल रही हूँ."

ताईचा आवाज.

पुरुषी, सरकारी आवाज तिला सांगत होता की मी रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसमधून बोलतोय, तुमच्या वेळची फाटकाची केस पुन्हा उघडली आहे, तो सायकलवाला नंतर वारला, त्याच्या घरच्यांनी खटला केलाय, पेन्शन थांबेल, पोलीस निघालेत. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की हे खोटं आहे. आपण कार्यक्रम ऐकतोय हे मी विसरले. मला वाटलं की हे आत्ता, या क्षणी, बूढ़ापाऱ्यात घडतंय. मी फोन काढून तिला लावायला लागले. तिकडे ताई म्हणाली, "सर, आप कंट्रोल से हैं तो प्रायव्हेट नंबर दीजिए." तो क्षणभर अडखळला. त्याला काय ठाऊक प्रायव्हेट नंबर म्हणजे काय! मग म्हणाला, "चार सौ बीस." आणि ताईने तो परत म्हणून दाखवला. "चार सौ बीस. ठीक है सर."

बस खदखदून हसली.

मग ती म्हणाली, पोलीस पाठवा, पण जीप गल्लीबाहेर उभी करायला सांगा, इथे सगळे ओळखीचे आहेत. मी चालत येते. माझ्या मुलाच्या नोकरीला धक्का लावू नका, तो तेव्हा लहान होता... बस आणखी हसली. मी उठून ड्रायव्हरला म्हटलं, "भैया, बंद करो." तो म्हणाला, "अरे मैडम, पूरा तो सुनिए, आंटी बहुत बढ़िया है!" झांज वाजली. आईच्या वाढदिवसाची भेट म्हणून अमोलनेच रेडिओवाल्यांना तिचा नंबर आणि ती सायकलीची गोष्ट दिली होती. शेवटी रेडिओवाल्याने विचारलं, "आंटी, बुरा तो नहीं लगा? चला दें रेडियो पे?" आणि ताईने होकार दिला, "हव, हव."

त्या दिवशी मी अर्ध्या रजेचा अर्ज टाकला आणि उलट बस पकडली. ताई दार उघडून समोरच होती. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "ऐकलं तू बी." फोन चार दिवसांपूर्वीच आलेला, तिने कोणाला सांगितलंच नव्हतं.

"सांगितलं काहून नाही मले?"

"काय सांगू? झालं तर काहीच नाही न."

"मंग हव काहून म्हटलं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "शोभे, त्यानं सांगितलं की कोणी मेलं नाही. पोलीस येऊन नाही राहिले. त्या टायमाला त्यानं म्हटलं असतं गॅलरीतून उडी मार, तरी मी हव म्हटलं असतं."

या एका वाक्याचा मी नंतर खूप विचार केला. आमच्या ओळखीच्या वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, सरकारी अधिकाऱ्याचं सोंग घेऊन धमकावणं हा गुन्हा आहे, एफएमवाल्यांना परवान्याच्या अटीही असतात, पण ते दोनच गोष्टी पुढे करतील. नंबर घरच्याने दिला आणि बाईंनी शेवटी हो म्हटलं. मी म्हटलं, शेवटी म्हटलं हो! आधी कोणी विचारलं? त्या म्हणाल्या, हाच वाद आहे, आणि तो घालता येईल, पण क्लिप पुरावा म्हणून वाजवावी लागेल. ताईने हे ऐकलं आणि संपलं. "कोर्टात पुन्हा वाजवतील? मंग नाही." माझ्यासारखीला हे पटत नव्हतं. मी कागदांवर जगणारी बाई, अर्ज केल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण घाबरलेल्या माणसाला न्याय मागायचा तर आधी ती भीती सगळ्यांसमोर पुन्हा वाजवून दाखवावी लागते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

तरी मी तिला त्या रेडिओच्या ऑफिसात घेऊन गेलेच. तो आवाज निघाला एका हसऱ्या, दाढीवाल्या पोराचा. जेमतेम अमोलएवढा. ताईच्या पाया पडला, कॉफी मागवली. म्हणाला, "आंटी, आप तो स्टार हो गईं! हम तो बस सुबह-सुबह लोगों को हँसाते हैं." मी म्हटलं, हसवायचं असेल तर आधी विचारा. तो म्हणाला, "दीदी, पहले पूछ लिया तो प्रैंक कैसा?"

"तो मत करो."

त्याने कॉफीचा कप माझ्यापुढे सरकवला. मला राग आवरेना. मी म्हटलं, तुझ्या आईचा नंबर दे. मी आत्ता फोन करते, पोलीस ठाण्यातून बोलतेय म्हणते, पोरगा अपघातात गेला म्हणते. मग झांज वाजव. त्याचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "मम्मी को बीपी है, दीदी." मी आणखी बोलणार होते, पण ताईने माझा हात दाबला. "जाऊ दे न. पोट्टा भ्याला. झालं." जिन्यावरून उतरताना मला म्हणाली, "तू बी तेच करून राहिली होती न." क्लिप त्यांनी त्यांच्या पानावरून काढली. लोकांच्या फोनमधून कोण काढणार? दुधवाला, मंदिरातले पुजारी, ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या भिशीतल्या बायका, सगळे तिला हसून "चार सौ बीस!" म्हणायचे. प्रेमानेच म्हणायचे. ती हसायची.

हसणं दिसत होतं. जे दिसत नव्हतं ते मला पुढच्या महिन्यात कळलं. एका दुपारी मी ऑफिसातून तिला फोन लावला, तर उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा... एकटी बाई, हृदयाच्या गोळ्या चालू. मी भित्री नाही. सासऱ्यांचं, आईचं, सगळ्यांचं शेवटचं दवाखान्यातलं मीच केलं. पण रिकाम्या घरात वाजत राहिलेला फोन कानाशी धरून उभं राहणं वेगळं. नवा रायपूरच्या त्या रुंद रस्त्यावर त्या वेळी बस नाही. एका साहेबांच्या गाडीने आले. जिना चढताना माझ्या मनात सगळी तयारी झाली होती, कोणाला कळवायचं इथपर्यंत. दार ढकललं तर ताई खुर्चीवर बसलेली. समोर टेबलावर फोन. तिने हात मांडीवर ठेवले होते आणि ती फोनकडे पाहत होती.

"वाजून राहिला होता," ती म्हणाली.

"अगं, माझं नाव दिसते न त्याच्यावर!"

"दिसते. पण तूच आहे कशावरून?"

ती म्हणाली, आता म्हणे दुसऱ्याचा आवाजसुद्धा काढता येतो. म्हणे पोलीस बनून व्हिडिओवर बसवून ठेवतात माणसाला. "मले चोरांची भीती नाही, शोभे. मी त्याले नंबर मागितला. त्यानं तीन आकडी सांगितला. प्रायव्हेट नंबर दोन आकडीच असते, पोट्ट्याले कळन एवढं. अन् मी... मी परत म्हणून दाखवला." तिने फोन पालथा ठेवला. "एवढी वर्षं नोकरी केली. एक बी चुकीचा नंबर घेतला नाही. तो घेतला."

शहर ज्याला हसत होतं तेच तिला खात होतं. पेन्शन नव्हे, पोलीस नव्हेत. खोटं समोर आलं तर आपल्याला ओळखता येईल, हा भरवसा गेला होता. आणि तो गेल्यावर खरी बातमी तरी तिच्यापर्यंत कशी पोचायची, तिची आमच्यापर्यंत कशी यायची? अमोल पुण्याहून रोज मला विचारायचा, "मावशी, मम्मी फ़ोन नहीं उठा रही, आप देख के आओ ना." त्याला मराठी सगळी समजते, पण तो उत्तर हिंदीत देतो. स्वतःला दोष देऊन देऊन तो अर्धा झाला होता. ताईने त्याला एका शब्दाने बोल लावला नाही. "लेकरानं खुशीनं दिला न नंबर," एवढंच.

उपाय तिनेच काढला. दिवाळीत अमोल आला तेव्हा तिने आम्हा दोघांना समोर बसवलं, आणि ड्युटीवर असल्यासारखी बोलू लागली. साध्या फोनला नंबर नको. पण वाईट बातमी असेल, दवाखाना, पोलीस, अपघात, मरण, तर आधी नंबर, मग बातमी. नंबर नसेल तर फोन ठेवून द्यायचा, कोणाचाही आवाज असो. लिहून ठेवायचा नाही. एकदाच वापरायचा, मग तो मेला. मला सत्तेचाळीस दिला, तिच्या-माझ्यातल्या बातमीसाठी. अमोलला चौसष्ट दिला आणि तोही मला सांगून ठेवला, कारण त्याला कळवायची वेळ आली तर कळवणारी मीच. अमोल कसनुसं हसून म्हणाला, "मम्मी, ये थोड़ा ज़्यादा नहीं हो रहा?" ती म्हणाली, "परत म्हण." त्याने म्हटला. मी म्हटला. तिने दोघांनाही "बरोबर" म्हटलं. त्या दिवसापासून ती फोन उचलू लागली. तिची भीती कमी झाली की नाही मला ठाऊक नाही. माझी वाढली. कारण आता माझ्याकडे एक आकडा होता, आणि तो कधीतरी ऐकू येणार होता. भाजीवाल्याने "सैंतालीस रुपये" म्हटलं तरी मी आधी फोन काढून पाहायचे.

साहूजींना तिने हा आकडा आधी कधी सांगितलेला नव्हता. त्यांनी नंतर मला सगळं सांगितलं. ती सकाळी गोळ्या घ्यायला खाली उतरली, काउंटरशी स्टुलावर बसली आणि घामाने भिजली. त्यांनी शेजारच्याला गाडी काढायला सांगितलं. ती म्हणाली, शोभाला फोन करा, पण आधी नंबर सांगा, नाहीतर ती मानणार नाही. सैंतालीस. "मैंने कहा हाँ माताजी, बोल दूँगा. तो बोलीं, रिपीट करो." त्यांनी म्हटलं. "फिर बोलीं, हव. सही है." गाडी यायच्या आत सगळं संपलं. साहूजी मला विचारत होते, "दीदी, वो किसी बीमे का नंबर था क्या?" मी त्यांना सांगितलं. सांगताना मला कळलं की त्या अवस्थेतही तिने निरोप बरोबर पोचवला होता. पुऱ्या खात्रीने.

मग अमोलला फोन करायचा होता. तो ऑफिसला निघाला असणार. घंटा वाजत होती तेव्हा माझी इच्छा होती की त्याने उचलू नये. त्याने उचलला, "हाँ मावशी, बोलो." मागे त्याच्या मुलीचा दंगा चालू होता. मी म्हटलं, "अमोल, आधी नंबर ऐक. चौसष्ट." मुलगी कशासाठी तरी हट्ट करत राहिली. मला पुढचं वाक्य बोलावंच लागलं नाही... ते बरं झालं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

तेराव्यानंतर आम्ही दोघांनी खोल्या आवरल्या. ताईचा फोन नेहमीच्या जागेवर, गॅलरीच्या खिडकीशी, घडी घातलेल्या रुमालावर होता. अमोल पडदे काढत होता. एकदम फोन वाजला. अनोळखी नंबर. आम्ही दोघं जागच्या जागी थांबलो. तो माझ्याकडे पाहत होता, मी फोनकडे. आता त्यात कोणती वाईट बातमी येणार होती? मी उचलला. गॅसवाला होता. सिलिंडर उद्या सकाळी आणू का, विचारत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "सिलिंडर, कल सुबह. सही?" मग सांगितलं की नको, आता इथे कोणी राहत नाही.

संध्याकाळी कुलूप लावल्यावर अमोल जिन्यात थांबला. म्हणाला, "मावशी, मेरा वाला तो यूज़ हो गया. नया दे दो." मला वाटलं म्हणावं, आता कशाला, आपलं कोण उरलंय घाबरवायला. पण त्याच्या घरी लहान मुलगी आहे, इकडे मी आहे, आणि सकाळी शहरभर रेडिओ चालूच असतात. मी त्याला एक आकडा दिला. तो इथे लिहीत नाही. त्याने तो परत म्हणून दाखवला. हिंदीत नाही, मराठीत, अडखळत. आणि म्हणाला, "बरोबर?"

मी किल्ली पर्समध्ये टाकली. तो थांबून राहिला. बॅग खाली ठेवली नाही, उतरायला लागला नाही, नुसता थांबून राहिला.

"बरोबर," मी म्हटलं. मग आम्ही खाली उतरलो.